खिशातली चिठ्ठी आणि पंधरा माउथ ऑर्गन

माउथ ऑर्गन वाजवला की आत ओल साठते. मधूनमधून तळहातावर आपटून ती झटकावी लागते, नाहीतर आतल्या पितळी पट्ट्या अडकतात. किस्स्यांचंही तसंच असावं. नाशिकमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मी मुलांना माउथ ऑर्गन शिकवतो, त्याला आता तीन वर्षं झाली. बरेच साठलेत. झटकतो. शिंतोडे उडाले तर माफ करा!

सुरुवातीलाच कबूल करतो, मी संगीतकार नाही. पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आहे. माझा पीएच.डी.चा प्रबंध कंपन पावणाऱ्या पातळ पट्ट्यांवर होता. म्हणजे माउथ ऑर्गन का वाजतो, हे मी दोनशे पानांत सांगू शकतो. कसा वाजवायचा, हे मात्र निवृत्तीनंतर शिकलो, तेही डॉक्टरांनी फुप्फुसांचा व्यायाम सांगितला म्हणून. बागेतल्या बाकावर बसून सराव करायचो. मुलं जमायला लागली. सेक्रेटरी म्हणाले, "सर, रविवारी हॉल रिकामाच असतो."

नाही म्हणायला मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

*

पहिल्या दिवशी मी फळ्यावर पट्टीची आकृती काढली. हवा कुठून आत जाते, पट्टी कशी थरथरते, सूर कसा तयार होतो, सगळं समजावलं. पंधरा मुलं हातात नवे माउथ ऑर्गन घेऊन बसली होती. पाऊण तासाने आठ वर्षांच्या ओजसने हात वर केला.

"सर, हे तोंडाला कधी लावायचं?"

मी घड्याळ पाहिलं. वर्गाची वेळ संपली होती!

घरी येऊन मी एक चिठ्ठी लिहिली. 'काही अपरिहार्य कारणास्तव हा वर्ग आजपासून बंद करत आहे. क्षमस्व.' सही केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. तेव्हापासून दर रविवारी ती खिशात असते. आज आपलं पितळ उघडं पडलं तर लगेच वाचून दाखवता यावी, एवढाच हेतू.

सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, हे माहीत आहे. शर्ट धुवायला टाकताना ती चिठ्ठी काढून टेबलावर ठेवते आणि म्हणते, "अहो, तुमचा राजीनामा राहिला बघा!"

*

तरी पहिला महिना बरा गेला. फुंकलं की सा, ओढलं की रे, मुलांना पटापट जमत होतं. मला स्वतःबद्दल थोडं बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ओजस पुढे आला.

"सर, माझ्या माउथ ऑर्गनवर एक नंबर उजवीकडे आहे. तुमच्या डावीकडे. कंपनीची चूक आहे का?"

मी त्याचा पाहिला. मग शेजारच्या मुलीचा. मग सगळ्यांचे. पंधराच्या पंधरा मुलं माउथ ऑर्गन उलटा धरून वाजवत होती! मी त्यांच्याकडे तोंड करून बसायचो. आरशात बघून भांग पाडावा तसं त्यांनी माझं सगळं हुबेहूब उचललं होतं. मी उजवीकडे सरकलो की ती डावीकडे. सूर बरोबरच येत होते, त्यामुळे माझ्या कानांना महिनाभर पत्ता लागला नाही. प्रकाशाचं परावर्तन मी कॉलेजात तीस वर्षं शिकवलं आहे.

पुढच्या रविवारी मी खुर्ची फिरवली आणि मुलांकडे पाठ करून बसलो. सुमन माझा विसरलेला चष्मा द्यायला आली, ती दारातच थांबली.

"अहो, मुलांवर रुसलात का?"

*

एकदा एका मुलाच्या आई वर्गानंतर थांबल्या. वही-पेन घेऊनच आल्या होत्या.

"सर, याची परीक्षा असते का? सर्टिफिकेट वगैरे?"

मला वाटलं, आली ती वेळ. खिशातल्या चिठ्ठीवर हात ठेवून मी म्हणालो, "मॅडम, खरं सांगतो, माझ्याकडेच सर्टिफिकेट नाही. मला संगीतातलं फारसं कळत नाही. तुम्ही एखादा चांगला शिक्षक बघा."

त्यांनी वही मिटली. मग मुलाला म्हणाल्या, "बघ! एवढे शिकलेत, पण कसं नम्रपणे बोलतात. शिक काहीतरी!"

पुढच्या रविवारी त्यांनी धाकटीलाही पाठवलं.

*

गार्गी पिंपळगाव बसवंतहून येते. तिच्या वडिलांचं तिथे द्राक्षं निवडून पेट्यांत भरायचं पॅकहाउस आहे. रविवारी नाशिकला आले की तिला माझ्याकडे सोडून ते कामं उरकतात. फेब्रुवारीत त्यांनी वर्गासाठी दोन पेट्या द्राक्षं पाठवली. मुलांनी ती वर्ग सुरू व्हायच्या आधीच संपवली आणि लगेच माउथ ऑर्गन तोंडाला लावले.

दहा मिनिटांत पाच माउथ ऑर्गन मुके झाले. साखर सगळी पट्ट्यांवर! मी छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो, एकेक खोलून ओल्या फडक्याने पुसला. त्या दिवसापासून 'खाल्लं की चूळ भरायची' हा वर्गाचा नियम झाला.

तिचे वडील तिला न्यायला आले, तर मी खोललेल्या पट्ट्यांच्या पसाऱ्यात बसलेलो. काय झालं ते ऐकून त्यांचा चेहरा गंभीर झाला. एक पट्टी उचलून त्यांनी उजेडात धरली.

"सर, हे आपल्या मालानं व्हायचं नाय. एक्स्पोर्टचा माल हाय!"

*

एकत्र सुरुवात करणं हा आमच्याकडे मोठा प्रश्न होता. मी "एक, दोन, तीन" म्हणायचो. निम्मी मुलं 'तीन'ला सुरू करायची, निम्मी 'तीन' झाल्यावर. यावर दोन रविवार भांडणं झाली. शिवाय माझ्याच तोंडात माउथ ऑर्गन असला की मोजणार कोण?

शेवटी ठरलं. मी मोठा श्वास घ्यायचा, खांदे वर जाताना दिसले की सगळ्यांनी सुरू करायचं. आणि दुसरा नियम, एकदा सुरू झालं की कोणी चुकलं, कोणी पडलं, तरी थांबायचं नाही. तीन वर्षांत मी शिकवलेल्या गोष्टींपैकी मुलांनी काटेकोर पाळल्या त्या याच दोन.

*

यंदा सोसायटीच्या वर्धापनदिनाला मुलांनी स्टेजवर धून वाजवली. आम्हाला पूर्ण येते अशी एकच आहे. पाहुणे म्हणून एक वादक आले होते, खरेखुरे, कार्यक्रम करणारे. त्यांनी माइकवरून मुलांचं कौतुक केलं. मग खाली येऊन भजी घेताना ते हळूच म्हणाले, "गोड वाजवतात. पण श्वासाचा पाया कच्चा आहे. कोण शिकवतं यांना?"

मी चटणीकडे पाहिलं.

"हे काय, हेच आमचे सर!" ओजस ओरडला.

"असं का? बरं, बरं," पाहुणे म्हणाले.

त्या 'बरं, बरं'चा मी आठवडाभर विचार केला. मुलांचा पाया कच्चा म्हणजे माझा कच्चा. चुकीच्या सवयी एकदा लागल्या की सुटत नाहीत, आणि पंधरा मुलांना त्या मी लावल्या. सुमन म्हणाली, "दोनदाच म्हणाला ना तो? तुमचं दोन हजार वेळा म्हणून झालं."

पण या वेळी माझं ठरलं होतं. चिठ्ठी वाचायचीच.

रविवारी हॉलमध्ये गेलो. मुलं आपापल्या जागी, माउथ ऑर्गन ओठांशी धरून तयार. आता मुलांकडे पाठ करून वाचणं बरं दिसलं नसतं, म्हणून खुर्ची बाजूला सारून त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो. चष्मा लावला. चिठ्ठी उलगडली. तीन वर्षांच्या घड्यांनी ती मधोमध फाटायला आली होती. छातीत हवा भरून घेतली.

पंधरा माउथ ऑर्गन एकदम सुरू झाले.

मी हातवारे केले. कोणी थांबलं नाही. धून शेवटपर्यंत वाजली.

"मुलांनो, मला जरा काही सांगायचं—" एवढं म्हणालो आणि चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. खाकरलो. पुन्हा श्वास घेतला.

पुन्हा धून. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मी चिठ्ठी हातात धरून तसाच उभा. श्वास रोखून. मुलं माझ्या खांद्यांकडे टक लावून बघत होती. शेवटी पहिल्या रांगेतल्या गार्गीने माउथ ऑर्गन तळहातावर आपटून झटकला आणि म्हणाली,

"सर, आता जरा हळू घ्या ना श्वास. मघाशी लय फास्ट झालं!"