तिच्या उजव्या बाजूला

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. मुलाजवळ नाही, इथल्या, काशीच्या रामघाटावरच्या सोबत्यांजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे — तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून असेल.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझ्या पत्नीचा, कमलचा, उजवा कान बरेच महिने वाहत होता. कानाच्या नळीतल्या त्वचेचा कर्करोग निघाला. काशीतच शस्त्रक्रिया झाली. नळी, पडदा, भोवतीचे हाड — सारे काढले. मांडीची त्वचा आणून जखम झाकली. रोग गेला. त्या कानाचे ऐकणेही गेले. सर्जन मला म्हणाले, "पंडितजी, अब बायीं ओर बैठकर बात कीजिएगा." म्हणजे तिच्या डाव्या, चांगल्या कानाच्या बाजूला.

रोज संध्याकाळी आम्ही संकठादेवीच्या दर्शनाला जात असू. मी तिच्या उजव्या बाजूने चालू लागलो. गल्लीत सांड येतो, सायकल येते, तिला त्या बाजूचे कळत नाही — असे मी सांगे. पानवाला हसे, "गुरुजी तो पहरेदार हो गए!" शेजारच्या बायका आपल्या नवऱ्यांना माझे उदाहरण देत.

ते रक्षण होते का? नव्हते.

वाईहून लग्न होऊन आलेली ती. मराठीत मन मोकळे करायला तिला माझ्यावाचून कोण होते? मुलगा हिंदीत उत्तर देई. आणि ती मला रोज एकच विचारी — "अहो, परत नाही ना होणार?" 'कोणास ठाऊक' एवढे म्हणण्याचेही धैर्य माझ्यात नव्हते. उजव्या बाजूला राहिले की गप्प बसता येई. मी उत्तर दिले, आपल्यालाच ऐकू आले नाही — असे तिने समजावे, ही माझी योजना. होय, योजनाच.

एकदा घाटाच्या पायरीवर ती उठली, वळसा घालून माझ्या दुसऱ्या हाताला आली, आणि चांगला कान माझ्याकडे करून बसली. तोच प्रश्न विचारला.

मी — उठलो. धोतर झटकले. पुन्हा तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.

ती एवढेच म्हणाली, "राहू द्या. समजलं."

आजार कधीच उलटला नाही. ती पुढे बरीच वर्षे जगली, आणि ती सगळी वर्षे माझ्या शेजारून मुकाट चालली. लोक मला चांगला नवरा म्हणत राहिले. मी कोणालाही अडवले नाही.