दर्शनी भागात लावलेला परवाना

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझी बॅग उघडली, मेतकुटाची पिशवी वर काढली आणि विचारलं, "हे काय?" अठ्ठावीस वर्षं मी नाशिक भागात औषध निरीक्षक होते. लोकांच्या कपाटातल्या पुड्या वर काढून "हे काय?" असं विचारणं हे माझं काम. उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मेतकुटाला इंग्रजीत काय म्हणतात ते काही केल्या सुचेना. "भातावर घालतात. माझी बहीण आजारी आहे," एवढंच बोलले. त्याने पिशवीचा वास घेतला, सणसणीत शिंकला आणि मला जाऊ दिलं.

हे २००७ सालच्या मार्चमधलं. माझी धाकटी बहीण वंदना तिथून तासाभरावर फ्रीमॉन्टला राहते. नवरा श्रीकांत सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीच्या व्हिसावर. त्याच व्हिसाच्या आधारावर वंदना. ग्रीन कार्डाचा (कायम राहण्याच्या परवानगीचा) अर्ज दोघांनी केलेला आणि तो कुठल्याशा टेबलावर पडलेला. त्यातच वंदनाला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाला, आणि एका सकाळी श्रीकांतचा फोन आला, "ताई, ती काही खातच नाहीये. तुम्ही या."

विमानतळावरून निघालो तर दोन्ही बाजूंना टेकड्या हिरव्यागार. आठ पदरी रस्ता, गाड्या एकीमागे एक, आणि पायी चालणारा माणूस औषधालासुद्धा नाही. "मे महिन्यात हे सगळं वाळून पिवळं होतं," श्रीकांत म्हणाला. 

दारात डोक्याला रुमाल बांधून उभी असलेली बाई वंदनाच आहे, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मी घाबरले, सरळच सांगते. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, इतकंच. हातपाय धुतले आणि मऊ भात टाकला. तूप, मेतकूट, लिंबाची फोड. दोन घास तिने गिळले. तिसऱ्याला उठून सिंककडे धावली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी वजन केलं आणि चष्मा काढला. येत्या मंगळवारपर्यंत वजन सावरलं नाही तर पुढचा केमो लांबवावा लागेल, आणि या टप्प्यावर लांबवणं बरं नाही. उलटीवरच्या सगळ्या गोळ्या देऊन झाल्या होत्या. गांजातल्या द्रव्याची सरकारमान्य गोळीसुद्धा. पण गोळी पोटात ठरेल तर ना! मग बाईंनी एक कागद लिहून दिला. ती औषधाची चिठ्ठी नव्हती. "रुग्णाला गांजाचा उपयोग होऊ शकेल" अशी ती नुसती शिफारस होती. चिठ्ठी लिहायला त्यांना बंदी, शिफारस करायला मोकळीक.

मला हे काही केल्या उलगडेना. घरी आल्यावर श्रीकांतने समजावलं. या राज्यातल्या लोकांनी मतदान करून रुग्णांना गांजाची मोकळीक दिली. काही शहरांनी दुकानांना परवाने दिले. पण वॉशिंग्टनचा कायदा सांगतो की हा गुन्हाच, आणि ग्रीन कार्डाचा अर्ज वॉशिंग्टनच्या हातात.

"म्हणजे महापालिकेने परवाना द्यायचा आणि दिल्लीने बेड्या घालायच्या?" मी विचारलं.

"अगदी तसंच," तो म्हणाला. "म्हणून मी नको म्हणतोय, ताई. आपण सिटिझन असतो तर गोष्ट वेगळी होती."

"मला आजचा घास गिळता येत नाही आणि तू पाच वर्षांनंतरचं बोलतोयस," वंदना म्हणाली. त्यावर तो उठून गराजमध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही. मला दोघांचंही पटत होतं. शेवटी निकाल मीच दिला. ज्या दुकानाला परवाना आहे, ज्याचं रजिस्टर चोख आहे, तिथेच जायचं. कागद पक्के असले की माणसाला कोणी हात लावत नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. आयुष्यभर मी तेच मानत आले होते.

गुरुवारी सकाळी श्रीकांत ऑफिसला गेला आणि आम्ही दोघी ओकलंडला गेलो. ड्राइव्ह वंदनानेच केलं, मधे दोनदा गाडी थांबवून. या दुकानाला तिकडे डिस्पेन्सरी म्हणतात (शब्द ऐकून आपल्या डोळ्यांसमोर सरकारी दवाखाना येतो). बाहेर पाटी नाही. दारात सत्तरीचा एक धिप्पाड रखवालदार, एका पायाने लंगडणारा. त्याने वंदनाचा कागद पाहिला, मग मला विचारलं, "आणि तुम्ही?"

"मोठी बहीण."

"पहिल्या खोलीपर्यंत या. आत फक्त पेशंट." मग वंदनाकडे पाहून हळूच म्हणाला, "माझी बायको इथूनच न्यायची. खुर्ची देऊ का?"

खोलीत शिरताच वास आला. सिंहस्थात रामकुंडावर साधूंच्या चिलमींचा येतो तोच. माझे डोळे सवयीने भिंतीवर गेले. आपल्याकडे औषधाच्या दुकानात परवाना दर्शनी भागात लावावा लागतो. न लावल्याबद्दल मी किती दुकानदारांना घाम फोडलाय! इथे तो होता. काचेच्या चौकटीत, शहराच्या शिक्क्यासह, मुदत संपायला अवकाश असलेला. आतल्या दारातून काचेच्या बरण्या दिसत होत्या. बरण्यांवर नाव आणि तारीख होती, पण बॅच नंबर नव्हता, पिकवणाऱ्याचा परवाना क्रमांक नव्हता. मी काउंटरवरच्या बाईला विचारलंच.

"पिकवणाऱ्यांना परवानाच नाही," ती हसून म्हणाली. "विकायला आहे. माल मागच्या दाराने येतो, पुढच्या दाराने कायदेशीर होतो. तुम्ही इन्स्पेक्टर आहात का?"

"होते," मी म्हटलं. तिने मग कौतुकाने आपलं दप्तर दाखवलं. प्रत्येक पेशंटची फाईल, पानांना आकडे, शहराचा माणूस तिमाहीला येऊन पानं मोजतो. इतकं सुरेख दप्तर मी नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच पाहिलं असेल. मी खूश झाले. वंदना ओळखीसाठी पर्समधून ड्रायव्हिंग लायसन्स काढत होती, तेवढ्यात मीच माझी प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. आदल्या दिवशी मी श्रीकांतच्या प्रिंटरवर दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. वंदनाचा पासपोर्ट, व्हिसाचं पान, घराचा पत्ता, शिफारस. सरकारी सवय, दुसरं काय! नाव नोंदवायचा अर्ज अपुऱ्या कागदांनी परत येऊ नये, एवढीच माझी काळजी. बाईने सगळे कागद घेतले, टाचले आणि पानांवर आकडे घातले.

शेवटचा आकडा पडला आणि मला आमच्या धाडी आठवल्या. धाड टाकली की आम्ही माल नंतर मोजायचो. आधी रजिस्टर उचलायचो, कारण नावं त्यात असतात. वॉशिंग्टनची माणसं काय वेगळं करणार होती? आणि वंदना सिटिझन नाही हे सांगणारं व्हिसाचं पान, ज्याची कोणी मागणीच केली नव्हती, ते मी माझ्या हाताने त्या फाईलमध्ये घातलं होतं.

"ती पानं परत द्या," मी म्हटलं.

"आकडा पडलेलं पान काढता येत नाही," बाई म्हणाली. हे वाक्य मी स्वतः लोकांना हजारदा ऐकवलंय. "हवं तर अख्खा अर्ज रद्द करते. तुमच्यासमोर फाडते. पण मग नवा अर्ज महिन्याने."

मंगळवार पाच दिवसांवर होता. "वंदू, चल," मी म्हटलं. "चूक माझी आहे. दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं काय आहे, ताई?" असं म्हणून तिने पेन घेतलं. सही वाकडी आली. बाईने ती दुसऱ्यांदा करायला लावली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडून, पंखा लावून तिने दुकानातून आणलेल्या छोट्या यंत्रातून गांजाची थोडी वाफ घेतली. मी पाठ करून भांडी विसळत राहिले. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "ताई, कालचा भात आहे का गं?" फोडणीचा भात केला. वाटीभर गेला आणि राहिला. श्रीकांत दारात उभा राहून बघत होता. तो रडला आणि मीही रडले. वंदना मात्र लिंबाची दुसरी फोड मागत होती. मंगळवारी केमो ठरल्याप्रमाणे झाला. व्हिसाच्या पानाचं मी श्रीकांतला बुधवारी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "कळलं, ताई." त्यानंतर निघेपर्यंत तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मेमध्ये मी परतले, तेव्हा टेकड्या त्याने सांगितल्याप्रमाणे पिवळ्या पडल्या होत्या. नाशिकला आल्यावर लोकांनी विचारलं, अमेरिका कशी आहे? मी रस्ते, पूल, टेकड्या असं सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. त्या दुकानावर धाड टाकायचा हुकूम माझ्या हातात आला असता, तर मी टाकली असती. पेशंट समोर बसलेले असते तरी टाकली असती, आणि रीतसर पंचनामा केला असता.

ऑगस्टमध्ये वंदनाचा फोन आला. दुकानावर धाड पडली होती.

"फायली?" मी विचारलं.

"खोकी भरभरून नेल्या म्हणे. श्रीकांत वकिलाला भेटून आला. वकील म्हणतो, काहीच सांगता येत नाही, वाट बघायची."

"माझ्यामुळे झालं, वंदू," मी म्हटलं. 

"रडू नकोस गं. केमो संपला माझा. केस यायला लागलेत." ती थोडी थांबली. "नाहीच दिलं ग्रीन कार्ड, तर नाशिकला येईन. यायला मी जिवंत तर आहे ना?"