कुंडलिकचे स्पीकर आणि सर्जेरावांचा नारळ

सांगवीच्या कुंडलिकनं इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात चौतीस हंगाम काढले. मिलचा फिटर. दर हंगामाला गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडायची ती कुणाच्या तरी शुभहस्ते. कधी पुढारी, कधी महाराज, एकदा तर एक निवृत्त क्रिकेटवाला. त्या वेळी कुंडलिक बाजूच्या खड्ड्यात ग्रीसची गन घेऊन उभा असायचा, कारण साखळी अडली असती तर मोळीवाल्याचे हात हवेतच राहिले असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो यायचा. चौतीस फोटोंपैकी एकात कुंडलिकचा पाय आला होता. डावा. ते कात्रण त्यानं जपून ठेवलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्याची इच्छा एकच उरली. एखादं यंत्र आपण दुरुस्त करावं आणि त्याचं बटणही आपणच दाबावं. आपल्या बोटानं.

कारखान्याचा करमणूक हॉल पाडायला घेतला, तेव्हा सागवानी खोक्यातले दोन जुने स्पीकर भंगारात निघाले. कमरेएवढे उंच, कुंडलिक कामाला लागला त्याच्याही आधीचे. त्यानं रीतसर अर्ज केला. अर्जाला सात सह्या लागल्या. स्पीकर टेम्पोत चढवायला सातांतला एकही हात लागला नाही.

घरी बायकोनं, छबूबाईनं, विचारलं, "दोन कपाटं आणली व्हय?"

"कपाटं न्हाईत. स्पीकर हायत."

"मग वाजवा की."

"वाजत न्हाईत."

"मग कपाटंच की."

बारामतीत दुकानदारानं खोक्यात न डोकावताच निकाल दिला. "काका, फेका. ह्याचे पार्ट येत नाहीत आता. हा बघा, मुठीएवढा. मोबाईलला जोडा, झालं."

कुंडलिकनं तो मुठीएवढा स्पीकर उलटासुलटा करून बघितला. "स्क्रू कुठं हाय?"

"स्क्रू नसतो काका. उघडायचा नसतोच. बिघडला की नवा घ्यायचा."

कुंडलिकनं तो हळूच काउंटरवर ठेवला, मेलेलं पाखरू ठेवावं तसा, आणि घरी आला.

खोकी उघडली. लाकूड ठणठणीत. तारा शाबूत. चुंबक एवढं जबर की पाना चिकटला तर सोडवायला दोन हात लागावेत. बिघाड एकाच जागी. आतल्या कागदी भोंग्याला कडेनं फोमची मऊ पट्टी असते, तिच्या जोरावर भोंगा आतबाहेर हलतो. दोन्हीकडच्या पट्टीचा भुगा झाला होता. बोट लावलं की शेवेसारखी झडायची. नवी पट्टी मिळणार नव्हती, म्हणजे करायला हवी होती.

जुनी पट्टी खरवडण्यात तीन दिवस गेले. एका दिवसात झालं असतं, पण मग भोंगाही खरवडला गेला असता. चौथ्या दिवशी कुंडलिकनं ट्रंकेतून निवृत्तीच्या कार्यक्रमात बांधलेला फेटा काढला आणि कात्री मागितली.

"अवो, सत्काराचा फेटा हाय त्यो!"

"सत्कार झाला की. आता फेट्याला काम लागलं."

फेट्याचं पातळ सुती कापड गोल कापलं. आता खरी मेख होती. भोंग्याच्या मागची तारेची कॉईल चुंबकाच्या फटीत बरोबर मधोमध बसावी लागते. केसभर सरकली तरी घासते. मिलच्या रोलरचा मध्य काढताना पत्र्याच्या पट्ट्या घालतात, तशा इथं घालायच्या, पण पत्रा जाड पडत होता. कुंडलिकनं घरभर नजर फिरवली आणि भिंतीवरच्या पिशवीतून छबूबाईच्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. त्याच्या पट्ट्या फटीत अशा बसल्या की हा गुडघा त्यासाठीच दुखला असावा.

छबूबाईला संध्याकाळी कळलं. "डाक्टरनं पुढच्या टायमाला आणाय सांगितलाय. काय दाखवू त्यास्नी?"

"गुडघा हाय की तुज्याकडं."

राहिलं चिकटवणं. बाजारातला झटपट गोंद कापडाला काचेसारखा कडक करतो. त्यावर भोंगा हलत नाही, नुसता किरकिरतो. इंदापूरकडचा म्हस्कू घोंगड्या विणतो. घोंगडीला तो चिंचोक्याची खळ लावतो. खळीनं कापड ताठ राहतं, पण मोडत नाही. आणि मध्य चुकला तर ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा लावता येतं. कुंडलिकला हे पटलं. त्यानं चिंचोके भाजले, सोलले, भिजवले, वाटले, शिजवले, गाळले. उजवीकडचा मध्य दोनदा चुकला, दोनदा सोडवून लावला. तिसऱ्यांदा पट्ट्या काढून बोटानं भोंगा दाबला. आत गेला, बाहेर आला, हूं की चूं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते. त्याच सकाळी बटण दाबायचं त्यानं ठरवलं. घरात दोघंच. तिसरं कुणी नको.

पण छबूबाई गिरणीत दळण टाकायला गेली होती, आणि गिरणीत सांगितलेली गोष्ट पिठाआधी घरी पोचते.

खंडेनवमीला कुंडलिकनं पाटावर पाने, हातोड्या, मध्ये काम पकडून धरायचा जड लोखंडी शिकंजा मांडला. हळदकुंकू वाहिलं. मागे दोन स्पीकर उभे, घरातल्या रेडिओला जोडलेले. जाळ्या लावल्या नव्हत्या, भोंगा हलताना त्याला बघायचा होता. धुतलेला सदरा घालून तो रेडिओच्या बटणाकडे वळला, तोच दारात गाड्या थांबल्या.

सर्जेराव उतरले. कामगार संघटनेचे माजी सरचिटणीस, आता निवृत्त कामगार मंडळाचे अध्यक्ष. उभ्या नोकरीत त्यांच्या कपड्याला ग्रीसचा डाग लागला नव्हता. धुलाईभत्ता मात्र त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. मागून दहाबारा माणसं आणि एक फ्लेक्स आला. त्यावर मोठ्या अक्षरात होतं, 'मा. सर्जेराव आबा यांच्या प्रेरणेने ऐतिहासिक ध्वनिसंचाचा लोकार्पण सोहळा.' खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'स्थळ : कुंडलिकचे घर.'

"कुंडलिकराव, एवढं मोठं काम, आन् आमाला सांगितलं न्हाय?"

"लई मोठं न्हाय आबा. घरच्या घरी चाललंय."

"आसं कसं? कारखान्याची ठेव हाय ही. आमी पाठपुरावा केला म्हणून तर वाचली."

सातांतली एक सही सर्जेरावांची होती, हे खरं. तीही तिसऱ्या खेपेला मिळालेली.

कुंडलिकला फेटा बांधला, शाल घातली आणि शालीसकट बाजूला उभं केलं. दोन स्पीकरांच्या मध्ये फीत बांधली. सर्जेरावांनी ती कापली आणि नारळ हातात घेतला. "दगूड कुठं हाय?" फरशीच्या घरात दगड कुठून असणार? त्यांची नजर पाटावरच्या शिकंज्यावर गेली.

"आबा, हितं नगं, भायेर…" कुंडलिक म्हणाला, तोवर नारळ फुटला होता. रसरशीत निघाला. सगळं पाणी उडालं ते उजव्या भोंग्यावर.

टाळ्या पडल्या. कुंडलिक फडकं घेऊन धावला. फोटो काढणाऱ्यानं त्याचा दंड धरला. "तात्या, मधी येऊ नका, फोटो चाललाय." आणि चौतीस वर्षांची सवय अशी की कुंडलिक खरोखरच बाजूला झाला.

मग सर्जेरावांचं भाषण झालं. विषय होता श्रमप्रतिष्ठा. वीस मिनिटं चाललं. पाचात आटपलं असतं तर कड कदाचित तगली असती. खळीनं तेवढा वेळ पाणी पिऊन घेतलं. शेवटी सर्जेरावांनी बोट पुढं केलं आणि बटण दाबलं.

डावा स्पीकर रेडिओवर गाऊ लागला. उजव्यानं फर्रर्र केलं, फेट्याची पट्टी सुटली आणि भोंगा एका अंगाला कलला.

सर्जेरावांनी भोंग्याकडे पाहिलं, मग कुंडलिककडे. "काम जरा घाईत झालेलं दिसतंय, कुंडलिकराव. आसू दे. परयत्न म्हत्त्वाचा." चहा पिऊन मंडळी गेली. दुपारपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. त्यात या वेळी कुंडलिकचा उजवा कोपर आला होता.

संध्याकाळी म्हस्कूचा फोन आला. "खळीला पाणी चालत न्हाय, ठावं नव्हतं व्हय तुला?"

"ठावं व्हतं."

"मग?"

"नारळ ध्यानात आला न्हाय."

चूक त्याचीच होती. आपल्याकडे नारळ फुटल्याशिवाय कुठलंच काम पुरं होत नाही. चौतीस वर्षं ज्यानं गव्हाणीवर नारळ फुटताना पाहिले, त्यानं पाण्याला न टिकणारी खळ वापरावी, हे फिटरला शोभत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही भोंगे सोडवले. डावा वाजत होता, तरीही. एक कच्चा आणि एक पक्का, ही जोडी नव्हे. कापडाची अडचण नव्हती. सर्जेरावांनी नवा फेटा दिला होता. चिकटवायला या वेळी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणलं. ते वाळलं तरी लवचिक राहतं आणि पाण्याला भीत नाही. एकदा लावलं की मात्र सुटत नाही. म्हणजे मध्य पहिल्याच खेपेला साधायला हवा. एक्स-रेच्या जुन्या पट्ट्या काढताना चुरगळल्या होत्या. तो भिंतीवरच्या पिशवीकडे गेला.

"आता कंचा?" छबूबाईनं विचारलं.

"उजवा."

तिनं स्वतःच काढून दिला. "नीट कापा. वाकडा बसाय नगं."

मधे सर्जेरावांचा फोन येऊन गेला. "झालं का? दिवाळीत पुन्यांदा घिऊ कार्यक्रम. ह्या टायमाला मोठा."

"न्हाय झालं आबा," कुंडलिक म्हणाला. हे खरंच होतं. सोल्युशन वाळायला अजून एक दिवस लागणार होता.

बुधवारी दुपारी त्यानं दाराला कडी लावली. ग्लासभर पाणी घेऊन दोन्ही कडांवर ओतलं, पुसलं, अर्धा तास थांबला. पट्ट्या हलल्या नाहीत. मग त्यानं हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि बटण दाबलं. आपल्या बोटानं.

बातम्या लागल्या होत्या. निवेदिका एवढी स्वच्छ ऐकू आली, जणू ती समोरच्या पाटावर बसली होती. कुठल्याशा पुलाचं कुणाच्या तरी शुभहस्ते उद्घाटन झालं होतं.

कुंडलिकनं गुंडी फिरवली. पुढच्या केंद्रावर तबला चालला होता. दोन्ही भोंगे सारखे हलत होते. तो खाली फरशीवर बसून बघत राहिला.

आतून छबूबाई म्हणाली, "वाजलं की वो! नारळ फोडू का?"

"फोड," तो म्हणाला. "चटणीला."