भरतीसर

दर्यापुरात समुद्राचा अभ्यास करणारा एकच माणूस होता, आणि त्याने वयाच्या पन्नाशीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. आमच्या शाळेत ते भूगोल शिकवत, मी गणित. भरती-ओहोटीचा धडा आला की सर पंधरा दिवस त्यातून बाहेर पडत नसत. मुलांनी त्यांचं नावच पाडलं, भरतीसर.

"समुद्र घड्याळ पायते," ते सांगायचे. "रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, पण येते." शिक्षकांच्या खोलीत आम्ही विचारायचो, "सर, आपल्या नळाले भरती कवा हाय?" तेही हसायचे.

एका वर्षी सहल कोकणात गेली. सर चपला हातात घेऊन बराच वेळ नुसते पाहत उभे राहिले. मग मुख्याध्यापकांकडे आले. "काल पौर्णिमा झाली, आता ओहोटी लागली हाय. ओढ जबर असते. दोन्हीकडं लाटा फुटून राहिल्या अन् मधातच पाणी शांत दिसते ना, तिथूनच ते आत परत जाते. पोराईले तिथं उतरू देऊ नका."

"अहो, लाटा नाहीत तीच जागा बरी," मुख्याध्यापक म्हणाले. "पुस्तक मिटा आता."

आम्ही हसलो. मीही.

नववीतली वैष्णवी त्या शांत पाण्यात उतरली आणि बघता बघता आत ओढली गेली. सर गुडघाभर पाण्यातून ओरडत होते, "काठाकडं नको! आडवी पोह, आडवी!" पोरीला विहिरीतलं पोहणं येत होतं. ती सरळ काठाकडेच हात मारत राहिली, दमेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सापडली.

चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, 'भूगोलाच्या शिक्षकांनी धोक्याची कल्पना दिली नाही.' मुख्याध्यापकांनी पेन पुढे केलं. "सगळ्यांच्याच नोकरीचा प्रश्न आहे." मी सही केली. निलंबित झाले ते एकटे सर. पुन्हा शाळेत आलेच नाहीत.

परवा ते अकोल्याच्या बसस्टँडवर दिसले, अगदी वाळलेले. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तेच म्हणाले, "तुमी माह्या बाजूलेच उभे होते ना?"

"हो."

"मी सांगतलं होतं ना मुख्याध्यापकाले?"

"सांगितलं होतं, सर."

त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं. मलेच वाटाले लागलं होतं, का मी बोललोच नव्हतो."

दर्यापूरची गाडी लागली. दोघांनाही तिनेच जायचं होतं. मी चढून जागा धरली, खिडकीतून हाक मारली. सर बाकावरून उठले नाहीत.