नानांची हुज्जत

हृदयाच्या ऑपरेशननंतर माझे वडील, नाना, फारच शहाणे होऊन घरी आले. काहीही विचारलं तरी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचे. जन्मभर हुज्जत घालणाऱ्या माणसाचा हा शहाणपणा बघून आईला आणि मला धास्तीच वाटायला लागली.

परवा, कसोटी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, शेजारचे बापटकाका भेटायला आले. म्हणाले, "खेळपट्टी हिरवी आहे. दोन्ही फिरकीवाले बाहेर बसवा आणि चार वेगवान खेळवा."

डोळे मिटून पडलेल्या नानांनी डोळे उघडले. "आणि चौथ्या डावात खेळपट्टी फुटल्यावर बोलिंग कोण, तुम्ही टाकणार?"

"अहो, सामना तिथवर जायला तर हवा."

"बापट, तुम्हाला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही," म्हणत नाना उठून बसले. बापटकाकांनी खुशीत खुर्ची पुढे ओढली.

मला वाटलं, वाद घालायलाही पुढच्या दिवसांची ओढ लागते. चौथ्या डावाची काळजी करणारा माणूस तोवर थांबायचं ठरवूनच बसलेला असतो.

आवाज चढले तशी दारात उभी असलेली मी त्यांना थांबवायला आत निघाले. आईने माझा हात धरला.

"भांडू दे गं त्यांना," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी भिंतीला पाठ टेकून निवांत बसली.