माहेरचं कढत पाणी

माझ्या मामाइतका हट्टी माणूस अख्ख्या मुलुंडात नसेल. असलाच तर मामाचं त्याच्याशीही वाजलेलं असणार. वीजवाल्यांनी तारेला लागतो म्हणून न विचारता त्याचा शेवगा छाटला, तर याने "झाड राहील, तुमची तार न्या" म्हणत कनेक्शनच तोडून घेतलं आणि डोंगराकडेच्या आपल्या बैठ्या घरावर सोलर चढवलं. ऐन थंडीतही गार पाण्याने आंघोळ करायची आणि ती केल्याचं साऱ्या गल्लीला ओरडून कळवायचं, हा आणखी एक हट्ट.

आई गेल्यापासून हा सडाफटिंग मामाच माझं माहेर. मला दिवस राहिले तेव्हा घाटकोपरच्या माझ्या सासूबाईंनी साफ सांगितलं, "पहिलं बाळंतपण माहेरी, कबूल. पण बाळंतिणीला कढत पाणी लागतं. त्या घरात लाइटचं मीटर नाही, गिझर नाही. मी पाठवायची नाही." मीही त्याचीच भाची! म्हटलं, जाईन तर तिथेच.

मामा पेटला. स्लॅबवर पाणी तापवायच्या काचेच्या नळ्या आणि टाकी बसवली, टाकीचं पाणी खाली गॅसच्या गिझरमधून फिरवलं. ऊन असलं की गॅस बंद. आभाळ आलं की कोमट पाणी गॅसवर तापणार. गिझर मात्र मागच्या पडवीत, उघड्यावर. "कोंडलेल्या न्हाणीघरात गॅस पेटवणारा माणूस गाढव!" हे तो प्लंबरच्या तोंडावर म्हणाला. प्लंबर यायचा बंद झाला. उरलेले पाइप मामानेच जोडले, भर उन्हात गॅसही चालू ठेवला आणि पाणी स्वतःवर ओतून बघताना पाठ भाजून घेतली. पाठीला कोरफड थापून म्हणतो कसा, "झकास तापतंय!"

सासूबाई पाहणीला आल्या त्या नेमक्या ढगाळ दिवशी. मामाने छाती काढून बादली भरली. त्यांनी कोपर बुडवलं आणि "आई गं!" करून मागे घेतलं.

"अहो मामा, बाळंतीण न्हाणार की शिजणार?"

"विहीणबाई, त्यात गार पाणी घालायला मीटर लागत नाही!"

त्यांना हसू आवरेना, आणि मी जिंकले.

सव्वा महिना बाळ आणि मी त्या पाण्याने न्हालो. निघताना मामा पाठ करून उगाचच नळ पुसत बसला. मेला रडत होता, मला काय कळत नाही? परवा फोनवर विचारलं, "आता तरी गरम पाणी घेतोस ना रे?"

"छट्! मी काय म्हातारा झालो? मला गारच लागतं." मग म्हणाला, "गिझर तेवढा रोज सकाळी पेटवून बघतो. तुम्ही दोघं न सांगता आलात तर?"