बाँब काढून टाकलेला देखावा

गणपतीत आमच्या मंडळाचा जिवंत देखावा बघायला पार विट्यापासून माणसं येतात. त्या वर्षी तो लिहायचा मान मला मिळाला आणि माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. विषय मी लगेच ठरवून टाकला: अण्वस्त्रं नष्ट करा! कितीतरी देशांनी एकत्र येऊन अण्वस्त्रबंदीचा करार केलाय, अणुबाँबमधून वाचलेली म्हातारी माणसं देशोदेशी फिरून ‘पुन्हा नको’ म्हणून सांगतात, आणि आमच्या गावाला त्याचा पत्ताच नाही. मला ते गावाच्या गळी उतरवायचंच होतं.

पहिला विरोध घरातूनच झाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. “बाँब हाय म्हणून कोन आपल्या वाटंला जात न्हाई, पोरी,” ते म्हणाले. मी तावातावानं भांडले. ते शांतपणे चहा पीत राहिले.

चुलतभाऊ मात्र जाम खूश. चेन्नईतलं सोनं गाळायचं दुकान बंद ठेवून तो खास गणपतीला आला होता. त्यानं धुराचं मशीन आणलं, भिंतीएवढे स्पीकर लावले. पहिल्या दिवशी देखाव्यात बाँब पडला तेव्हा आसपासची तावदानं थरथरली. त्यानंतर मी लिहिलेली, पाण्यासाठी तडफडणारी माणसं होती, पण त्यांच्याकडे बघतंय कोण? शिट्ट्या, टाळ्या आणि “परत फोड की गड्या!” आमच्या पोरांनी चक्क परत फोडला.

माझं टाळकंच सरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला म्हटलं, “बाँब काढून टाक.”

“आगं, बाँबच तर लय भारी झालाय!”

“म्हणूनच काढ.”

आणि मग मला जे सुचलं, त्याच्या आनंदात मी दुपारी जेवलेसुद्धा नाही. स्टेजवर आमचाच चौक उभा करायचा! अण्णांना गळ घातली: चौकात रोज बसता तसे खुर्ची टाकून पेपर वाचत बसा.

“बाँबच्या इरुद्ध एक शबुद बोलनार न्हाई,” त्यांनी अट घातली. मी म्हटलं, बोलूच नका.

संध्याकाळी पडदा उघडला. अण्णा, पेपर, वाफाळता चहा. गर्दी खिदळली. “सुभेदार, आमाला बी च्या सांगा!” आई घरचं आटपून ऐन वेळी आली होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

स्पीकरवर एवढंच आलं, ‘बाँब पडला.’ दिवे गेले. आवाज नाही, धूर नाही. दिवे आले तेव्हा खुर्ची रिकामी होती, पेपर खाली पडला होता आणि चहातून अजून वाफ येत होती.

आता कुणी शिट्टी मारली तर संपलंच सगळं. तेवढ्यात गर्दीतून आईचा आवाज आला.

“आवं! आवं, कुठं गेलासा?”

तिनं पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्यानं. अण्णा देखावा विसरून, एकाच पायात चप्पल, पडद्यामागून धावत बाहेर आले. “हाय गं, हितंच हाय!”

‘परत लाव’ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मला तर तिथंच नाचावंसं वाटत होतं. घरी येताना आई पुढं चालत होती. मी अण्णांना डिवचलं, “काय सुभेदारसाहेब, आता काय म्हणता?” वाटलं, पुन्हा फौजेचं ऐकवतील.

अण्णा तिच्याकडे बघत होते.

“मी बॉर्डरवर हुतो, तवाबी तिनं अशी हाक कवा मारली न्हवती,” ते म्हणाले.